पुरवणी मागणाऱ्याने हात वर करावा

५ जानेवारी, रविवार

श्रुतिकाने आज ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, रोज एक पान लिहायचं. काहीही लिहा, पण पेनाने. मोबाइलवर बोलून टाइप केलेलं चालणार नाही." पोरगी पवईला ऑफिसात लागली तेव्हापासून घरात सगळ्यांना कामं वाटून देते. तिच्या आईला रोज चार हजार पावलं दिली आहेत, मला एक पान.

लिहायचंच आहे तर खरं लिहितो. मी धाकू घाडी, वय एक्कावन्न, राहणार नाहूर, मुलुंडच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं शिपाई. दूरशिक्षणातून बी.ए. करतोय. बाकीचे पेपर सुटले, इतिहास आणि अर्थशास्त्र राहिलेत. दोन्हींना दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. माझ्या नोंदणीची मुदत या एप्रिलच्या परीक्षेबरोबर संपते, म्हणजे ही शेवटची संधी. जुलैमध्ये आमच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिकाची जागा निघणार आहे आणि तिला पदवी लागते. ती जागा मला हवी आहे. इतकं स्पष्ट मी अजून बायकोला, जानकीलाही सांगितलेलं नाही.

नापास का झालो? वेळ पुरला नाही. सगळ्यांना मी हेच सांगितलंय.

८ जानेवारी

डोकं फिरलंय. वनमाला मॅडमनी मला परीक्षा विभागातून काढलं.

वनमाला मॅडम आमच्या कार्यालयीन अधीक्षक. कॉलेज प्राचार्य चालवतात असं बाहेरच्यांना वाटतं. आतल्यांना माहीत आहे की मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला की प्राचार्यसुद्धा खुर्चीत सरळ होतात. सव्वीस वर्षं परीक्षेची घंटा मी दिली, पाण्याचा जग मी फिरवला आणि पुरवण्या मी बांधल्या. मूळ उत्तरपत्रिका भरली की पोरं जादा पानं मागतात, ती पांढऱ्या दोऱ्याने मागे जोडायची. माझी गाठ एका झटक्यात बसते, आणि तपासणाऱ्याने कितीही ओढाताण केली तरी सुटत नाही. कॉलेजातल्या सगळ्या शिपायांना ती मी शिकवली. मॅडमना तेवढी अजून जमत नाही, त्यांची गाठ पायजम्याच्या नाडीसारखी सुटते.

आणि आज म्हणतात, "स्वतः परीक्षेला बसणारा माणूस परीक्षेच्या कागदांजवळ नको."

मी म्हणालो, "मॅडम, माझे पेपर इथले नाहीतच, दूरशिक्षणाचे आहेत."

"धाकू, मी विचारलं नाही. सांगितलं."

माझी रवानगी रेकॉर्ड रूममध्ये. २००१ ते २००५ची आवक-जावक रजिस्टरं उंदरांनी कुरतडली आहेत म्हणे, ती सगळी हाताने उतरवून काढायची. रोज दुपारी दोन ते पाच. मोबाइल त्यांच्या टेबलावर जमा करायचा. मी म्हणालो, स्कॅन करू या ना. म्हणाल्या, मशीन बिघडलंय. सकाळीच त्या मशीनवर मी प्राचार्यांचं आधार कार्ड काढलं होतं.

शिक्षा आहे ही. कसली, ते कळत नाही.

११ जानेवारी

रेकॉर्ड रूममध्ये एक लाकडी बेंच आणि एक पंखा. खुर्ची मागितली तर मॅडम म्हणाल्या, बेंच काय वाईट आहे? बेंचला टेकायला पाठ नाही. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागली, तासाभरात बोटं. तीन तासांत तीन पानं झाली. पानं मोठी, एकात उत्तरपत्रिकेची चार मावतील अशी. शेवटच्या पानावरचं अक्षर बघून मलाच माझी कीव आली.

कागदाच्या बाबतीत तर मॅडम कंजूस निघाल्या. रोज मोजून सहा कोरे कागद देतात. "संपले की दारातून हात वर कर. मी आणून देते." कपाटात कागदांच्या थप्प्याच्या थप्प्या आहेत, एक थप्पी मला दिली तर काय कॉलेज बुडणार आहे?

रजिस्टरला मात्र मला उंदराचा एकही दात दिसला नाही. आतून कुरतडलं असेल.

२० जानेवारी

पाच पानं.

२८ जानेवारी

मॅडम दर अर्ध्या तासाने येतात, बोलत नाहीत, माझ्या पानाकडे बघतात, घड्याळाकडे बघतात आणि जातात. परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारख्या चपलांचा आवाज करत. आज म्हणाल्या, "समास सोड. आणि अंगठा पेनावर इतका दाबू नकोस, पेन काय पळून जाणार आहे?" मग स्टोअरमधून जाड मुठीचं एक पेन काढून दिलं. स्टॉक वहीत सही घेतली. एका पेनासाठी सही! एकेकाचा स्वभाव.

पेन बरं आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज घरात परीक्षा घेतली. श्रुतिकाने गेल्या वर्षीची अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका काढली, वीस पानांची उत्तरपत्रिका शिवली, डायनिंग टेबलावरून सगळं हलवलं आणि दोन वाजता शिट्टी मारली. जानकीला पर्यवेक्षक केलं. ती पंधरा मिनिटं हात मागे बांधून फिरली आणि मग कोलंबी सोलायला बसली. कोलंबीच्या वासात मागणी-पुरवठ्याचा नियम लिहिणं सोपं नाही.

साडेचार वाजले तेव्हा माझं विसावं पान चाललं होतं आणि पाचवा प्रश्न शिल्लक होता. श्रुतिका टेबलाशेजारी कागद घेऊन उभीच होती. म्हणाली, "बाबा, पानं संपली की हात वर करा. पुरवणी मागा. मी शिपाई आहे असं समजा."

मी अक्षर बारीक केलं. मग आणखी बारीक केलं. समासातही लिहिलं. पाचवा प्रश्न सात ओळींत उरकला.

ती म्हणाली, "हे काय? अजून पंचवीस मिनिटं होती. मागितलं का नाही?"

"तेवढ्यात भागलं," मी म्हणालो.

जानकीने स्वयंपाकघरातून मान काढून पाहिलं आणि परत आत घेतली.

३ फेब्रुवारी

काल रात्रीपासून मनाला लागून राहिलंय, ते इथे लिहितो. ही वही कोण वाचणार आहे?

वेळ पुरला नाही हे खोटं आहे. दोन्ही वेळा वेळ होता. गेल्या वर्षी अर्थशास्त्राला तर अर्धा तास होता आणि उत्तर येत होतं. पानं संपली होती. हात वर करून पुरवणी मागायची होती, ती मी मागितली नाही.

का, तेही लिहितो. सव्वीस वर्षं मी ती हाक ऐकली आहे. "ए पुरवणी!" "ओ मामा, पुरवणी!" काही पोरं नुसती बोटं वाजवतात. वाईट मनाने नाही वाजवत, त्यांना घाई असते. आपण जातो, बांधतो, दुसरीकडे वळतो. त्याचं मला कधी काही वाटलं नाही असं मी समजत होतो. पण बेंचवर बसलो, समोर तो दुसऱ्या कॉलेजचा शिपाई गठ्ठा घेऊन उभा दिसला, आणि माझा हात वर जाईना. माझ्यासारख्याच माणसाला मी हात करून बोलवायचं? मी कोण लागून गेलो? त्यापेक्षा बारीक लिहू. असं करत दोन वर्षं घालवली.

गेल्या वर्षी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती. मॅडमनी बघायला घेतली, ती अजून त्यांच्या खणात आहे. परत मागायची राहूनच गेली.

७ मार्च

मार्चमध्ये आठ दिवस अभ्यासाची रजा मागितली. मॅडमनी अर्ज वाचलासुद्धा नाही. "आत्ता संपवलीस तर एप्रिलात कुठून आणशील?" अर्ज परत. बायकांना पुरुषांपेक्षा दया जास्त असते असं म्हणतात. म्हणणाऱ्याने आमचं ऑफिस पाहिलेलं नाही.

आज नऊ पानं झाली. बोटं दुखली नाहीत. पाच वाजता उठलो तर कंबरही गप्प होती.

२७ मार्च

अकरा पानं. सहा कागद म्हणजे बारा पानं, म्हणजे उद्या-परवा कागद अपुरे पडणार. थोडं दाटून लिहायला हवं.

४ एप्रिल

हॉल तिकीट आलं. इतिहास २४ तारखेला, अर्थशास्त्र २८ला, दोन्ही पेपर दुपारी दोन ते पाच. श्रुतिका म्हणाली, दुपारच्या पेपरला झोप येते बाबा, सांभाळा. मी विचार करून पाहिलं. त्या वेळात मला झोप आल्याला तीन महिने झाले.

पण केंद्र घाटकोपर! माझी अशी समजूत होती की आपलंच कॉलेज मिळेल, यंदा तसा अर्ज दिला होता. चौदा नंबरच्या हॉलमधला कुठला बेंच डुगडुगतो ते मला डोळे मिटून सांगता येतं. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "मीच पत्र दिलं होतं विद्यापीठाला. इथे बसलास आणि पास झालास, तर लोक काय म्हणतील?"

पास झालो तर लोक काहीही म्हणोत. मला राग आलाय आणि तो जात नाही.

९ एप्रिल

मॅडमनी एक बंद पाकीट दिलं आणि घाटकोपरच्या त्या कॉलेजात हातोहात पोचवायला पाठवलं. आजकाल सगळं ईमेलने जातं. मी बसमध्ये पाकीट उजेडाला धरून पाहिलं. आत आमच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण होतं. स्नेहसंमेलन जानेवारीत झालं.

पाकीट घ्यायला खंडू नावाचा तिथला शिपाई आला. साताऱ्याकडचा आहे, माझ्याच वयाचा. पाकीट न उघडताच म्हणाला, "घाडीमामा तुम्हीच ना? या, हॉल दाखवतो." दुसरा मजला, नऊ नंबर, जिन्याच्या डाव्या हाताला मुतारी, घड्याळ फळ्याच्या वर. पंख्याखालचा बेंच घेऊ नका, पानं उडतात, म्हणाला. मग चहा पाजला. याला माझं नाव कोणी सांगितलं कोण जाणे. शिपायांना सगळ्या खबरा असतात.

१३ एप्रिल, रविवार

मॅडमनी रविवारची सुट्टीही खाल्ली. "चेंबूरला आमच्या विहारात खुर्च्या लावायला ये, माणूस कमी आहे." सकाळी सहाला! जानकी म्हणाली, "जावा. ती बाई उगाच बोलावची नाय."

जयंतीच्या आधी तिथे दरवर्षी अठरा तास अभ्यास करतात. सकाळी सहाला वंदना झाली की वस्तीतली माणसं आपापलं पुस्तक घेऊन बसतात ती रात्री बारापर्यंत. दहावीची पोरं, नर्स, रिक्षावाले, साठीच्या बायका. मधे जेवण आणि चहा, बाकी कोणी कोणाशी बोलत नाही. मी ऐंशी खुर्च्या मांडल्या आणि भिंतीशी उभा राहिलो. कामावर असलो की मी उभाच असतो.

मॅडम पांढऱ्या साडीत आल्या. म्हणाल्या, "एक खुर्ची जास्त लावलीस."

"ऐंशीच लावल्या मॅडम, मोजून."

"मग एक माणूस कमी आहे. बस." आणि पिशवीतून माझंच इतिहासाचं पुस्तक काढून दिलं. रेकॉर्ड रूममध्ये विसरलो होतो.

बसलो. शेजारी सुंदराबाई म्हणून एक म्हातारी होती, अक्षरावर बोट ठेवून पहिलीचं पुस्तक वाचत होती. दुपारी चहा आला तेव्हा तिने कपासाठी हात वर केला. वाढणारा पोरगा आला, तिने कप घेतला, "सुखी रहा बाळा" म्हणाली आणि परत बोट अक्षरावर ठेवलं. मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिलो.

संध्याकाळी सातला उठलो. तेरा तासांत संयुक्त महाराष्ट्रापर्यंत सगळं वाचून झालं. शेवटी मॅडमना आज माझा उपयोग काही झाला नाही, खुर्च्या आवरायला दुसरेच लोक होते.

२३ एप्रिल

तीन पेनं, हॉल तिकीट, ओळखपत्र, पाण्याची बाटली, रुमाल. जानकीने बाटलीवरचं लेबल खरवडून काढलं, लेबलावर काही लिहिलेलं नको म्हणून. सव्वीस वर्षं हा नियम मी पोरांना सांगतोय, आज तो तिने मला सांगितला.

कालपासून रजा आहे. रेकॉर्ड रूमचे शेवटचे कागद सोमवारी देऊन टाकले. बारा पानं दाबून भरली होती. मॅडमनी गठ्ठा हातात घेतला, चाळला आणि विचारलं, "कागद पुरले?"

"पुरवले."

त्या काहीतरी बोलणार होत्या, पण फोन वाजला.

२४ एप्रिल

घरी आल्या आल्या वही काढली.

पेपर चांगला होता. तीन वाजेपर्यंत दोन प्रश्न मनासारखे झाले. पेन आपोआप चालत होतं. इतक्यात मागच्या बेंचवरची मुलगी ओरडली, "पुरवणी!"

मी उठलो.

विचार करून उठलो असतो तर गोष्ट वेगळी. पायच उठले. खंडू पाणी भरायला खाली गेला होता, पर्यवेक्षक सर शेवटच्या रांगेत सह्या करत पाठमोरे होते, आणि पुरवण्यांचा गठ्ठा समोरच्या टेबलावर होता. मी गेलो, एक पुरवणी घेतली, दोरा घेतला, मुलीच्या बेंचपाशी आलो, तिची उत्तरपत्रिका उचलली आणि गाठ मारली. ती "थँक्यू मामा" म्हणाली. मी पुढच्या बेंचकडे बघितलं, आणखी कोणाला हवी का म्हणून. तिथे माझंच पेन पडलं होतं.

"काय चाललंय तुमचं?" सर धावत आले. पंचविशीतला पोरगा, बिचाऱ्याचाच चेहरा पांढरा पडला होता. परीक्षार्थी जागेवरून उठतो, दुसऱ्याची उत्तरपत्रिका हाताळतो! त्यांनी माझी उत्तरपत्रिका ताब्यात घेतली, मुलीचीही घेतली. मुलगी रडायला लागली. तिचं रडणं ऐकून मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. माझं जाईल ते जाईल, त्या पोरीचं काय?

केंद्रप्रमुख बाईंच्या खोलीत नेलं. टेबलावर गैरप्रकाराचा फॉर्म काढून ठेवला होता. तो फॉर्म मी आजवर कितीतरी पोरांसाठी कपाटातून काढून दिला आहे. एकदा भरला की पेपर रद्द आणि पुढे चौकशी समिती. माझ्याकडे 'पुढे' नव्हतंच.

बाई म्हणाल्या, "का उठलात?"

"बाई, सव्वीस वर्षं शिपाई आहे. पुरवणी म्हटलं की पाय जातात. माझी चूक आहे, जी शिक्षा आहे ती मला करा. त्या मुलीने फक्त हाक मारली, तिला लिहू द्या."

त्यांनी फॉर्म जवळ ओढला. तेवढ्यात खंडू जग घेऊन आत आला, मला बघून थबकला. "बाई, हे आपल्यातले आहेत," म्हणाला. "मुलुंडच्या कॉलेजचे."

बाईंनी मुलीची पुरवणी उलटसुलट करून पाहिली. कोरी होती. मग दोऱ्याची गाठ ओढून पाहिली. सुटली नाही. परत ओढली. मग त्यांनी आमच्या ऑफिसला फोन लावला. मला इकडचंच ऐकू आलं. "हो, घाडीच... नाही, कॉपी नाही... काय, जानेवारीपासून? ... रोज? ... बरं, बरं. आलं लक्षात." फोन ठेवून त्या थोडं हसल्या. जानेवारीपासून काय, ते कळलं नाही. मॅडमनी माझ्या रेकॉर्ड रूमच्या कामाचीही तक्रार केली असणार.

फॉर्म कपाटात परत गेला. मुलीला लगेच पाठवलं. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला, पुन्हा जागेवरून उठणार नाही अशी हमी घेतली आणि उत्तरपत्रिका हातात दिली. जागेवर आलो तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती. वाढीव वेळ नाही.

एक तास पाच मिनिटांत साडेनऊ पानं लिहिली. जानेवारीत एवढ्याला दोन तासांहून जास्त लागले असते. दाटून लिहीत गेलो, तरी पाचवा प्रश्न अर्धाच राहिला. शेवटचं पान संपलं होतं. खंडू दाराशी उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता. हात वर करायचा होता. आजच्या तमाशानंतर परत 'पुरवणी' हा शब्द तोंडातून काढायची माझी छाती झाली नाही.

घंटा झाली.

२५ एप्रिल

जानकीला काल सगळं सांगितलं. फेब्रुवारीत वहीत लिहिलं होतं तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोणी सांगल्यान होता तुमका उठाक? पाय बांधून ठेवूक व्हये तुमचे."

मग तिलाच ते पटलं. माळ्यावरून कॉलेजचे जुने काळे बूट काढले. "ह्ये घाला. बसलास की दोनय नाड्ये एकमेकांक बांधा. उठलास तर तोंडार पडशात."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "आणि हाताचा काय? पायाक नाडी बांधूक येता. हात वर करूक मी येव काय थंय?"

थोड्या वेळाने परत आली. "तुमी पुरवणी बांधतास तेव्हा त्या पोरांचो राग येता तुमका?"

"नाही."

"मग त्या खंडूक कित्याक येतलो?"

मी बूट उचलले आणि नाड्या ओवायला बसलो.

२७ एप्रिल

दिवसभर अर्थशास्त्र. संध्याकाळी आरशासमोर उभा राहून हात वर करून पाहिला. श्रुतिकाने पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

२८ एप्रिल

बुटांच्या नाड्या एकत्र बांधल्या. माझीच गाठ, सुटायची बात नाही. खंडूने ते पाहिलं आणि पाण्याचा जग ठेवताना मान खाली घालून हसला.

पावणेदोन तासांत तीन प्रश्न. अडीच तासांत चौथा संपला, आणि पानंही संपत आली. शेवटच्या पानावर चार ओळी शिल्लक. पाचवा प्रश्न बेरोजगारीचे प्रकार. सगळे येत होते, उदाहरणांसकट. हंगामी बेरोजगारी तर आमच्या गावच्या घराघरात आहे.

चार ओळींत बसवायला सुरुवात केली. पहिली ओळ मुंगीएवढ्या अक्षरात लिहिली. मग सुंदराबाई आठवल्या, त्यांचा कप आठवला. ती ओळ मी खोडली.

हात वर केला. खंडूचं लक्ष नव्हतं, तो खिडकी लावत होता. हात खाली घ्यायला निमित्त मिळालं. नाही घेतला.

"पुरवणी," मी म्हणालो. आवाज फुटला नाही. परत म्हणालो, मोठ्याने. "पुरवणी द्या!"

अख्खा हॉल वळला. पर्यवेक्षक तेच होते, इतिहासाचे. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. खंडू आला, पुरवणी ठेवली, दोरा ओवला. गाठ चांगली मारली, माझ्याहून थोडी सावकाश. मी म्हणालो, "थँक्यू खंडूभाऊ." तो हळूच म्हणाला, "लिवा आता. टाइम हाय."

आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं तेच होतं.

पुरवणीची पावणेचार पानं भरली. घंटा झाली तेव्हा मी शेवटच्या वाक्याचा पूर्णविराम देत होतो. घाईत उठलो आणि नाड्या बांधलेल्या विसरलो. तोंडावरच पडणार होतो, खंडूने धरलं.

१४ मे

कॉलेजला सुट्टी लागली. मॅडम गावी. जाताना सांगून गेल्या, रेकॉर्ड रूममधली रद्दी काढ, दाराजवळ बांधून ठेवली आहे.

रद्दीत सगळ्यांत वर ती २००१ ते २००५ची रजिस्टरं. त्यांच्याखाली मी साडेतीन महिने उतरवलेले कागद, तेही रद्दीतच! माझं पित्त खवळलं. हातांची सालं गेली ती या रद्दीसाठी? रागाने वरचा गठ्ठा ओढला, तर दोरा लगेच सुटला. मॅडमची गाठ. कागद जमिनीवर पसरले.

गोळा करताना दिसलं. प्रत्येक दिवसाच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने मॅडमच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं.

"११ जाने. ३ पाने. एका तासात अक्षर ढासळते." "२८ जाने. ६ पाने. पेन बदलले." "७ मार्च. ९. कंबर ठीक. रजा राखून ठेवणे." "२७ मार्च. ११. वेग पुरेसा." आणि त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीखाली एकच ओळ: "कागद मागितला नाही." शेवटच्या दिवशी तिच्याखाली दोनदा रेघ मारली होती. सगळ्यांत तळाशी माझ्या गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स होती. शेवटच्या पानावर, जिथे माझं मुंगीएवढं अक्षर समासात चढलं होतं, तिथे लाल गोल काढलेला होता. तारीख मागच्या ऑगस्टची.

मी खाली बसलो आणि बेंचला डोकं टेकून रडलो. शिक्षा म्हणे. केंद्र, पाकीट, खुर्च्या, जाड पेन, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. इतका मठ्ठ माणूस बी.ए. होणार कसा?

रजिस्टरं रद्दीत दिली. कागद घरी आणले.

९ जुलै

निकाल लागला. इतिहास बेचाळीस. अर्थशास्त्र एकोणसाठ. पासाला चाळीस लागतात. श्रुतिकाने ते तीनदा वाचून दाखवलं, जानकीने शेजारी दोनदा सांगितलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. म्हणाली, कांदो चिरीत होतंय. कांदे संपून दोन दिवस झालेत.

ऑफिसात मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो. काय काय बोलायचं ते बसमध्ये जुळवलं होतं. "मॅडम, ते रेकॉर्ड रूममधले कागद..." इतकंच आलं.

"रद्दी दिलीस ना?" त्यांनी मान वर केली नाही. खणातून लिपिकाच्या जागेचा अर्ज काढून पुढे सरकवला. "मुदत शुक्रवारपर्यंत आहे. भर."

मी अर्ज घेऊन सवयीने खिडकीच्या कट्ट्याकडे निघालो. आमच्या सह्या, पोचपावत्या सगळं तिथेच, उभ्याने.

"घाडी," मॅडम म्हणाल्या. सव्वीस वर्षं मी त्यांना धाकू होतो. "समोर खुर्ची आहे. बसा."

बसलो. नाव, पत्ता, जात, शिक्षण. शिक्षणाच्या रकान्यात बी.ए. लिहिताना जाड पेन जरा थांबलं. मग कामाचा अनुभव. त्याला तीन ओळी दिल्या होत्या. सव्वीस वर्षं तीन ओळींत. मी बारीक अक्षरात सुरुवात केली, एक ओळ संपली, आणि थांबलो.

हात वर केला.

"मॅडम, पुरवणी लागेल."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची मागे सारून उठल्या, कपाटापर्यंत स्वतः गेल्या, कोरा कागद आणि पांढरा दोरा घेऊन आल्या, आणि माझ्याशेजारी उभं राहून तो कागद अर्जाला बांधला.

गाठ सैल होती. मी ती तशीच ठेवली आणि लिहू लागलो.